लसीसोबत एक किलो डाळ : उदयपूरचा प्रयोग

सरकारी योजना खरंच उपयोगी पडते का, हे कसं कळणार? अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सेवा मंदिर या संस्थेसोबत राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत हे तपासलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गावांचे तीन गट पाडले. नवीन काहीच केलं नाही, तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. दरमहा न चुकता शिबिर भरलं, तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर लसीला किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. एकाच शिबिरात जास्त मुलं आल्याने, डाळ देऊनही दर मुलामागचा खर्च जवळपास निम्माच आला.

म्हणून आम्ही म्हणतो, लस राहिली की लगेच आई-बापाला अडाणी ठरवू नका. नर्स ठरल्या दिवशी येते का, मजुरी बुडते का, तेही विचारा.