पिनच्या चार जोडण्या आणि एक मुका माइक

लिनक्सच्या लॅपटॉपला हेडसेट लावला की गाणे छान ऐकू येते, पण मीटिंगमध्ये समोरच्याला आपला आवाज पोचत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि तिचे खापर बहुतेक वेळा लिनक्सवरच फुटते. इतिहास तपासला तर ते तीन ठिकाणी वाटून द्यावे लागते, आणि लिनक्सचा वाटा त्यात सर्वांत लहान ठरतो.

पहिला वाटा पिनचा. टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर जी पिन खुपसून दोन ग्राहकांना जोडत, तिचेच धाकटे रूप म्हणजे आजची साडेतीन मिलिमीटरची पिन. तिच्यावर डावा आवाज, उजवा आवाज आणि अर्थिंग अशा तीन जोडण्या असत. मोबाइलमुळे माइकसाठी चौथी आली आणि वाद सुरू झाला. टोकाला डावा आणि पहिल्या कडीला उजवा आवाज यावर एकमत होते. ओएमटीपी पद्धतीने दुसऱ्या कडीवर माइक आणि बुडाशी अर्थिंग ठेवले, सीटीआयए पद्धतीने नेमके उलट. 2007 च्या आयफोनने दुसरी पद्धत घेतली आणि पुढे तीच रुळली; तरी पहिल्या पद्धतीचे हेडसेट बाजारात राहिले. पद्धत जुळली नाही की आवाज पोकळ येतो आणि माइक मुका होतो. अशा वेळी वायरीवरचे बटण दाबून धरले की आवाज एकदम भरतो, कारण बटण माइक आणि अर्थिंग एकत्र जोडते. ही खूण दिसली तर सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नाही; साध्या अडॅप्टरने काम होते.

दुसरा वाटा लॅपटॉप बनवणाऱ्यांचा. 2004 साली इंटेलने एचडी ऑडिओ हे मानक आणले. त्यात साउंड चिपची कोणती पिन कुठल्या जॅकला जोडली आहे, हे बायोसने सांगायचे असते. ही माहिती अनेकदा अपुरी असते आणि कंपन्या ती उणीव स्वतःच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये भरून काढतात. ‘विंडोजवर तर लगेच चालते’ या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे: दुरुस्ती तिथेही होते, फक्त ती दिसत नाही. लिनक्समध्ये यारोस्लाव किसेला यांनी 1998 मध्ये सुरू केलेली अल्सा ही आवाज हाताळणारी प्रणाली 2003 च्या 2.6 कर्नेलसोबत सर्वत्र पोचली. ताकाशी इवाई यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या तिच्या एचडी ऑडिओ ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक तक्ता आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीत एका मॉडेलचा ओळख क्रमांक आणि त्यावरचा उपाय असतो. एकाने तक्रार नोंदवली की ओळ वाढते आणि त्या मॉडेलच्या सगळ्यांचा माइक बोलू लागतो.

सामान्य माणसाने हे सारे का शिकावे, हा आक्षेप रास्त आहे. अल्सावर 2004 मध्ये पल्सऑडिओ आणि 2017 मध्ये पाइपवायर असे थर चढत गेल्याने गोंधळ वाढला, हेही मान्य. लिनक्सचा वाटा तो हाच. पण थर वेगळे असल्यामुळे तपासणीही क्रमाने करता येते. टर्मिनलवरच्या अल्सामिक्सरमध्ये एफ4 दाबून कॅप्चर, म्हणजे आत येणारा आवाज, बंद नाही ना ते पाहावे. मग आवाजाच्या सेटिंग्जमध्ये इनपुट म्हणून ‘हेडसेट मायक्रोफोन’ निवडावा. तो पर्यायच दिसत नसेल, तर कर्नेलला तो जॅक ओळखता आलेला नाही असे बहुधा समजावे आणि ड्रायव्हरला मॉडेलचे नाव हाताने द्यावे.

मराठीसाठी हा प्रश्न क्षुल्लक नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले. अशा कामाची पहिली पायरी म्हणजे चालणारा माइक. म्हणून भोपाळच्या नेहरू नगरात असा किंवा नाशकात, आपल्या लॅपटॉपचा माइक दुरुस्त झाला की थांबू नका. अल्सा-इन्फो या स्क्रिप्टचा अहवाल आणि लागू पडलेला उपाय कर्नेलच्या मंडळींना कळवा, म्हणजे त्या तक्त्यात आपल्या मॉडेलची ओळ लागेल.