माणसांची पारख

कारखाना यंत्रांनी उभा राहतो, असा सर्वसाधारण समज आहे; किर्लोस्करवाडीचा इतिहास निराळेच सांगतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील, हल्ली सांगली जिल्ह्यात मोडणारा, कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ त्यांस दिला. निवडुंगाच्या त्या रानात पंचवीस कामगार मुलाबाळांसह राहावयास गेले.

शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांच्या हाती रात्रीचा पहारा सोपविला गेला, आणि त्यांनी तो विश्वास राखला. प्रमाणपत्र वा पूर्वचरित्र यांहून अंगचा गुण मोठा मानावयाचा, हीच ती पारख होय. मुंबईत अध्यापक असता बढती डावलली गेल्याने लक्ष्मणरावांनी स्वतः नोकरी सोडली होती. त्यांस तिचे मोल कळावे, यात नवल नाही.

पुढे १९३९ साली याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. विश्वास हेही एक भांडवलच. मात्र ते प्रथम मालकाने घालावयाचे असते.