सॅन डिएगोचं गोठवलेलं प्राणिसंग्रहालय

कुर्ट बेनिर्श्के मूळचे जर्मनीचे, विकृतिशास्त्राचे डॉक्टर. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत त्यांनी दुर्मीळ प्राण्यांच्या त्वचेचे तुकडे जमवायला सुरुवात केली. डीएनएची अक्षरं वाचण्याची सँगर या शास्त्रज्ञाची पद्धत यायला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता. तरीही पुढच्या पेरणीसाठी बी राखावं तशा त्यांनी या तुकड्यांतल्या पेशी राखल्या. ‘गोठवलेलं प्राणिसंग्रहालय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहाच्या वाटचालीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही दूरदृष्टी.

कामाची रीत तशी साधी. त्वचेच्या बारीक तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, कुप्यांत भरायच्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायच्या. बाहेर काढल्या की त्या पुन्हा जिवंत होतात, वाढतात. त्यामुळे प्राणी मेला तरी त्याचा डीएनए संपत नाही. आज तिथं दहा हजारांहून अधिक प्राण्यांच्या पेशी आहेत.

१९७५ मध्ये तिथं आलेले ऑलिव्हर रायडर पुढे या संग्रहाचे प्रमुख झाले. २००९ मध्ये डेव्हिड हॉसलर आणि स्टीफन ओब्रायन या शास्त्रज्ञांसह त्यांनी दहा हजार पृष्ठवंशीय प्रजातींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचण्याचा संकल्प मांडला. अशा कामाला उत्तम प्रतीचा डीएनए लागतो, आणि तो या कुप्यांत होता.

कॅलिफोर्निया कॉन्डॉरची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. १९८२ मध्ये हे प्रचंड गिधाड अवघं २२ उरलं होतं. उरलेल्यांना पकडून त्यांची वीण वाढवली गेली. जवळच्या नात्यात जोड्या जुळू नयेत म्हणून प्रत्येक पिल्लाच्या डीएनएवरून आईबाप पडताळले जात. ही तपासणी चालू असताना दोन वेगळ्या माद्यांच्या दोन नर पिल्लांचा डीएनए कुठल्याच संभाव्य बापाशी जुळेना. त्यांच्यातला सगळा डीएनए आईकडूनच आलेला होता! नराशिवाय पिल्लं झाली होती, तीही दोन्ही माद्यांजवळ वीणक्षम नर असताना. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा ते दोन्ही पक्षी मरून गेले होते. त्यांचे नमुने तेवढे उरले होते.

काळ्या पायांचं फेरेट हा अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला छोटा मांसाहारी. अलीकडेपर्यंत ही सगळी फेरेटं सात पूर्वजांची वंशज होती. १९८८ मध्ये मेलेल्या विला या मादीचा वंश त्यांत नव्हता, पण तिच्या पेशी सॅन डिएगोला पोहोचल्या होत्या. त्यांचा जीनोम वाचल्यावर आजच्या फेरेटांत नसलेली बरीच विविधता तिच्यात सापडली. त्या पेशींपासून क्लोनिंगने १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन जन्मली. तिला पिल्लं झाली नाहीत. पण त्याच पेशींपासून जन्मलेल्या अँटोनियाची दोन पिल्लं २०२४ मध्ये जगली.

हवाईचा पोऊली हा पक्षी मात्र आज फक्त पेशींच्या रूपात उरला आहे. पेशी अधिवासाची जागा घेत नाहीत, हे त्याच्याकडे पाहून कळतं.

आपल्याकडे हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत वन्यप्राण्यांचे नमुने साठवले जातात. त्यांची गरज इथेही आहेच: सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो. वनखात्यांनी आणि प्राणिसंग्रहालयांनी दुर्मीळ प्राणी मेला, की त्याच्या त्वचेचा ताजा तुकडा अशा प्रयोगशाळेत पोहोचवण्याची शिस्त लावून घ्यावी. उशीर झाला तर पेशी वाढत नाहीत.