चालक आणि कर्ता : माध्यमिक शाळा, संगणक आणि शिक्षकाची भाषा

प्रस्तुत निबंधाचा विषय प्रथमदर्शनी तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. माध्यमिक शाळेतील शिक्षकांना संगणकीय साधने वर्गात कशी वापरावीत हे शिकविण्याचे जे प्रयत्न भारतात गेल्या चार दशकांत झाले, त्यांचा इतिहास सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या किंवा प्रशासनाच्या खात्यावर मांडला जातो. परंतु वर्गात शिकविला जाणारा पाठ ही मुळात एक वाचनकृती असते. कवितेचा अर्थ कोठे थांबवायचा, कोणत्या शब्दापाशी विद्यार्थ्याला अडवायचे, हे शिक्षक ठरवीत असतो. हा पाठ यंत्रावर जातो तेव्हा तो कोणी रचला आणि कोणत्या लिपीत रचला, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. ह्या इतिहासात शिक्षकाला कधी यंत्राचा चालक मानले गेले, कधी पाठाचा कर्ता. ह्या दोन भूमिकांतील अंतर प्रशिक्षणाच्या दिवसांपेक्षा भाषेने अधिक ठरविले, असे मला वाटते.

साधन आधी आणि शिक्षक मागाहून, हा क्रम आपल्याकडे जुनाच आहे. १८२० च्या दशकात मुंबईत शिळाछापावर मराठी शालेय पुस्तके निघू लागली, तेव्हा ती शिकवू शकणारे शिक्षकही मुंबईतच तयार करून जिल्ह्यांत पाठवावे लागले. गावच्या पंतोजीला ती पुस्तके परकीच होती. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात ‘साइट’ ह्या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड ह्या चार भाषांत कार्यक्रम पोहोचविले आणि त्याच यंत्रणेतून सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण दिले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेथे शिक्षक श्रोता होता, पण निदान आपल्या भाषेतील श्रोता होता.

माध्यमिक शाळांत संगणक आला तो ‘क्लास’ ह्या प्रकल्पाने. १९८४-८५ मध्ये निवडक २५० शाळांपासून सुरू झालेल्या ह्या प्रकल्पात ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र वापरले गेले. सोबतचे बरेचसे पाठही तिकडूनच आलेले आणि इंग्रजीत होते. शिक्षकांना अभियांत्रिकी महाविद्यालये व तत्सम साधनकेंद्रांत बोलावून यंत्र सुरू कसे करावे, आज्ञा कशा द्याव्यात, हे शिकविण्यात आले. प्रशिक्षणासाठी बहुधा गणित-विज्ञानाचेच शिक्षक निवडले जात; भाषेच्या शिक्षकाला त्या खोलीत काय काम, असा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांनी गृहीतच धरले होते. ज्या यंत्राला देवनागरी ठाऊक नाही त्यावर मराठीचा किंवा हिंदीचा शिक्षक काय करणार? परिणामी संगणक हे सर्व विषयांचे साधन होण्याऐवजी स्वतःच एक विषय होऊन बसला. कुलूपबंद खोली, आठवड्याचा एक तास आणि आपल्या वळणाची वाट पाहणारी मुले, हे चित्र पुढील दोन दशके बहुतेक राज्यांत कायम राहिले.

ह्याच काळात लिपीच्या बाजूने वेगळे काम चालले होते, आणि शिक्षकाच्या दृष्टीने खरा इतिहास तेथेच घडला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिपींचे संशोधन १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये ‘जिस्ट’ ह्या नावाने पुढे गेले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मान्य केली. तिची मूळ कल्पना तौलनिक अभ्यासकाला आकर्षित करणारी आहे : ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच संकेततक्ता. ‘क’ला एकच संकेत, तो देवनागरीत दाखवायचा की तेलुगूत, हा केवळ प्रदर्शनाचा प्रश्न. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाचेही तत्त्व हेच. पर्शियन-अरबी वळणाची उर्दू मात्र ह्या कुटुंबाबाहेर राहिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने ‘इस्की’ची मांडणी आधाराला घेतली, परंतु प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली.

मानके झाली, तरी शाळेपर्यंत ती पोहोचली नाहीत. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी टंकलेखन चालले ते खासगी संकेतांच्या अक्षरसंचांवर, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ‘फॉन्ट’वर. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. युनिकोड आल्यावरही मराठीची म्हणून एक अडचण उरली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे भेद हिंदीला लागत नाहीत. मराठीत त्यावाचून समुद्र आणि डोंगरांमधील खोल जागा एक होतात आणि स्वयंपाक्यांना आचार्यपद मिळते. त्यासाठी ‘ऱ’ ही वेगळी कळ दाबावी लागते. शिक्षकांसाठीच्या ज्या प्रशिक्षण-पुस्तिका माझ्या पाहण्यात आल्या, त्यांपैकी एकीतही ती कळ सांगितलेली नव्हती.

ह्याचा अर्थ काय होतो हे मी २००७ च्या सुमारास एका कार्यशाळेत प्रत्यक्ष पाहिले. महाराष्ट्राबाहेरील मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांतील शिक्षक तेथे जमले होते. एका बाईंनी नववीच्या एका कवितेवरचा पाठ स्वखर्चाने, रात्री जागून संगणकावर तयार करून आणला होता. आयोजकांच्या यंत्रावर तो उघडला तेव्हा पडद्यावर कंस, प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरे यांचा खच पडला. तंत्रज्ञ म्हणाले, ‘‘बाई, फॉन्ट आणायला हवा होता.’’ बाईंनी क्षणभर पडद्याकडे पाहिले, मग फळ्याकडे वळून संपूर्ण कविता पाठ लिहून काढली आणि शिकविली. उपस्थितांनी टाळ्या वाजविल्या. मला मात्र त्या टाळ्या ऐकवल्या नाहीत. त्यांनी तीन आठवडे खपून केलेले लेखन नष्ट झाल्यासारखेच होते.

ह्याच्या शेजारी केरळचे उदाहरण ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प २००१ साली आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी सुरू झाला. आरंभी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती रचलेल्या अभ्यासक्रमाला शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतला आणि पुढील काही वर्षांत शाळा टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. प्रशिक्षक म्हणून नेमले गेले तेही माध्यमिक शाळांचे शिक्षकच. यंत्रप्रणाली शाळेच्या गरजेप्रमाणे घडविण्याची मुभा असल्याने मल्याळम्‌चा प्रश्न कंपनीच्या मर्जीवर राहिला नाही. तोही सोपा नव्हता : १९७१ च्या लिपिसुधारणेने टंकयंत्रासाठी जोडाक्षरे कमी केली होती, १९९९ पासून ‘रचना’ चळवळ जुनी लिपी संगणकावर परत आणू पाहत होती, आणि ‘चिल्लु’ अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाले. ह्या वादांचे पडसाद शाळेत उमटले. केरळमध्ये सर्व काही सुरळीत झाले असा दावा मी करीत नाही. परंतु लिपीचा प्रश्न हा तेथे शिक्षकाचाही प्रश्न मानला गेला, एवढे निश्चित. आपल्याकडे तो मुद्रकांचा आणि कार्यालयांचा राहिला.

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ह्या राष्ट्रीय मंचाने आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडने परिस्थिती पुन्हा बदलली. ह्या कोडची महाराष्ट्रातील कथा विशेष बोलकी आहे. ती माध्यमिक शाळेतील नाही, तरी येथे तिची नोंद घेणे भाग आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पुरस्कारामागील माहितीनुसार त्यांच्या विद्यार्थिनींची घरची भाषा कन्नड होती. ते स्वतः ती शिकले, पुस्तकांची फेरमांडणी केली आणि कोडमागे कविता व पाठ ध्वनिरूपात ठेवले. वृत्तपत्रांनी कोडचे कौतुक केले. कन्नड शिकण्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, वास्तविक अनुवादाच्या अभ्यासकाने प्रथम तेथेच थांबावे. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर जे आले त्यात, म्हणजे माध्यमिक शिक्षकांसाठी २०२१ मध्ये ऑनलाइन सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात आणि महासाथीच्या काळातील तयार चित्रफितींत, शिक्षक पुन्हा बव्हंशी तयार पाठ पाहणारा आणि दाखविणारा झाला. संकट मोठे होते, घाई समजण्याजोगी होती. पण एकच कविता राज्यभर एकाच आवाजात, एकाच अर्थाने शिकविली जाणे ही साहित्याच्या दृष्टीने किरकोळ घटना नव्हे.

त्या कार्यशाळेतील बाईंनी आपला पाठ पुढे युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केला. रूपांतर करणारी साधने तोवर उपलब्ध झाली होती, तरी त्यांनी हातानेच लिहिणे पसंत केले, आणि लिहिताना शेवटच्या कडव्यावरचे आपले विवेचन बदलले. दोन्ही पाठ त्यांनी मला दिले आहेत. नवा कोठेही उघडतो. जुना माझ्या यंत्रावर आजही चिन्हांच्या रांगेसारखाच दिसतो, त्यामुळे शेवटच्या कडव्याविषयी त्यांचे आधीचे म्हणणे काय होते, हे मला वाचता आलेले नाही.