ग्लॅडिसची उडी

परंपरा कोण टिकवतो? राजाश्रय, विद्यापीठ की बाजारपेठ? इंग्लंडमधील ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाचा इतिहास या प्रश्नाचे वेगळेच उत्तर देतो.

१९६७ साली लंडनमध्ये हा वृंद स्थापन झाला. मे १९६९ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचा तरुण ड्रमवादक मार्टिन लॅम्बल मरण पावला. त्या आघातानंतर उरलेले कलावंत जुन्या लोकगीतांकडे वळले. अ‍ॅशले हचिंग्ज याने सेसिल शार्प हाऊसच्या ग्रंथालयात बसून जुनी कथागीते धुंडाळली. वर्षअखेरीस ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. विजेची गिटार आणि शतकांपूर्वीची गाणी यांच्या मिलाफातून इंग्रजी ‘फोक-रॉक’ला स्वतःचे रूप लाभले.

पुढे लोकांची आवड पालटली, खप घटला. १९७८ च्या ‘टिपलर्स टेल्स’नंतर कंपनीने करार आटोपता घेतला. ४ ऑगस्ट १९७९ रोजी ऑक्सफर्डशायरमधील क्रोप्रेडी या खेड्यात वृंदाने निरोपाचा कार्यक्रम केला. निरोपाच्या दौऱ्याचे ध्वनिमुद्रण काढण्यास एकही कंपनी तयार होईना. तेव्हा बासवादक डेव्ह पेग आणि त्याची पत्नी क्रिस्टीन यांनी ‘वुडवर्म’ ही स्वतःचीच छोटी संस्था उभारली. निरोप घेतलेली ही मंडळी पुढे दरवर्षी त्याच परिसरात एकत्र येऊ लागली. श्रोतेही न चुकता येत राहिले.

या श्रोत्यांच्या बळावर १९८५ साली ‘ग्लॅडिसेस लीप’ निघाली. सायमन निकोल, पेग आणि ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स एवढे तिघेच उरले होते. व्हायोलिनसाठी रिक सँडर्स पाहुणा म्हणून आला. या तबकडीवरील ‘द हायरिंग फेअर’ हे राल्फ मॅकटेल व मॅटॅक्स यांचे गीत लक्षणीय आहे. जुन्या इंग्लंडमध्ये शेतमजूर ठरावीक जत्रेत जमत आणि शेतकरी त्यांना वर्षाच्या बोलीवर ठेवून घेत. मेंढपाळ आपली ओळख पटावी म्हणून लोकरीचा झुपका लावून उभा राही. अशा जत्रेत जुळलेल्या प्रीतीचे हे गाणे. रचना नवी, पण ऐकणाऱ्याला ती पिढीजात वाटावी. १९६९ मध्ये वृंदाने परंपरेकडून घेतले होते. १९८५ मध्ये त्याने परंपरेत भर घातली.

ध्वनिमुद्रिकेचे नावही अर्थपूर्ण आहे. ग्लॉस्टरशायरमध्ये ग्लॅडिस नावाची टपालवाटप करणारी एक बाई होती. लांबचा वळसा टाळण्यासाठी ती वाटेवरचा ओहोळ उडी मारून ओलांडी. सरकारी नकाशाकारांनी त्या जागेला तिच्या उडीचेच नाव दिले.

सँडर्स पुढे वृंदात कायमचा सामील झाला आणि २०१७ साली वृंदाने पन्नाशी गाठली. कंपनीने हात काढून घेतल्यावर ही परंपरा टिकली ती एका जोडप्याच्या घरगुती संस्थेमुळे आणि शेतात जमणाऱ्या श्रोत्यांमुळे. ग्लॅडिसनेही नकाशात नाव यावे म्हणून उडी मारली नव्हती. तिला फक्त पत्रे वेळेवर पोचवायची होती.