माहेरचे झाड

नाताळच्या झाडाचे कूळ शोधू लागले की बहुतेक जण थेट रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया उत्सवापर्यंत मागे जातात. हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या फांद्या घरात आणण्याची चाल युरोपात फार जुनी, हे खरेच. इंग्लंडमधली घरे नाताळात हॉली आणि आयव्हीच्या डहाळ्यांनी सजतच होती. पण डहाळ्या खोवणे वेगळे आणि खाऊ, फळे लटकवलेले अख्खे झाड घरात उभे करणे वेगळे. ही दुसरी रीत जर्मन मुलखातली. स्ट्रासबर्गमधल्या १६०५ सालच्या एका वर्णनात रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे आणि साखर लावलेली झाडे घरोघरी असल्याचे लिहिले आहे. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे ही रीत मुख्यतः त्याच मुलखात राहिली आणि मग थोड्याच दशकांत लंडन, व्हिएन्ना, पॅरिसच्या राजवाड्यांत पोचली. तिला तिथवर नेले ते सासरी गेलेल्या मुलींनी, असे माझे म्हणणे आहे.

मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्सची शार्लट १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जची राणी होऊन इंग्लंडला आली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. १८१८ मध्ये ती वारली. मधल्या ५७ वर्षांत तिला माहेर पुन्हा दिसले नाही. तिच्या मुलखात नाताळला यू या सदाहरित झाडाची एक फांदी सजवत. मेक्लेनबुर्गला लागूनच असलेल्या रात्सेबुर्ग गावी कवी कोलरिजने १७९८ मध्ये ही रीत पाहून लिहून ठेवली: टेबलावर रोवलेली फांदी, तिच्यावर इवल्या मेणबत्त्या, खाली मुलांनी आईवडिलांसाठी मांडलेल्या भेटी. १८०० च्या नाताळात शार्लटने विंडसरमधल्या मुलांना बोलावले, तेव्हा मात्र तिने यूचे अख्खे झाडच पिंपात लावून उभे केले. कागदात बांधलेली मिठाई, बदाम, मनुका, फळे, खेळणी आणि भोवती मेणबत्त्या. प्रत्येक मुलाला त्यातला वाटा मिळाला. फांदीचे झाड का झाले? मला वाटते, माहेरी तो घरातल्या घरातला सण होता, तिथे एक फांदी पुरत होती. इथे ज्यांना ही रीतच ठाऊक नव्हती अशा परक्या मुलांना त्यात सामील करून घ्यायचे होते. परदेशात सण नुसता जपला जात नाही, तो पाहुण्यांच्या मापाने वाढतो. १८१६ मध्ये नासाऊ-वाइलबुर्गच्या हेन्रिएटने व्हिएन्नात असेच झाड लावले. ती प्रॉटेस्टंट, आणि सासर कॅथलिक हाब्सबुर्गांचे, जिथे नाताळ म्हणजे बाळ येशूच्या गोठ्याचा देखावा. १८३७ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेल्या मेक्लेनबुर्गच्याच हेलेनने ही रीत पॅरिसला नेली.

यावर कुणी म्हणेल, इंग्लंडमध्ये झाड आणले ते व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट याने. पण लग्नाच्या कितीतरी आधी, १८३२ च्या नाताळात, १३ वर्षांच्या व्हिक्टोरियाने दिवे आणि साखरेचे दागिने लावलेल्या झाडांचे वर्णन रोजनिशीत केले आहे. तिची आई जर्मन, कोबुर्गची लेक होती. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: राजवाड्यातली रीत आपोआप रस्त्यावर येत नाही. ती आली १८४८ मध्ये, ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी, आल्बर्ट आणि मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले तेव्हा. प्रसाराचे श्रेय छापखान्याला द्यायलाच हवे. पण छापायला चित्र मिळाले, ते दोन पिढ्या आधी त्या वाड्यात झाड रुजले होते म्हणून. १८५० मध्ये अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने तेच चित्र पुन्हा छापले. वाचकांना ते आपल्यातलेच कुटुंब वाटावे म्हणून त्यातून राणीचा मुकुट काढला, आल्बर्टच्या मिशाही पुसल्या. झाडाला मात्र हात लावला नाही.