उंबऱ्याच्या आत आलेला कायदा

१९१९ सालच्या ऑगस्टात करवीर दरबारनं एक कायदा जारी केला. बाईला क्रूरपणानं वागवणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड. रोजावर राबणाऱ्यानं त्या काळी दोनशे रुपये एका जागी कधी बघितलेही नसतील.

शाहू महाराजांची जयंती आपण दर २६ जूनला करतो. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्क्यांचा जाहीरनामा पोराटोरांना पाठ आहे. मार्च १९२० ची माणगाव परिषद पाठ आहे. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा तर प्रत्येक वक्त्याच्या भाषणात उकळतो. पण हा १९१९ चा कायदा कुणाच्या तोंडात येत नाही. मी कळंब्याची. एवढ्या जयंत्या बघितल्या, स्टेजवरनं एकदाही ऐकला नाही. भावांनो, याला कारण आहे. ते कारण इतिहासाच्या पुस्तकात सापडायचं नाही, आपल्याच घरात सापडंल.

आधी त्या काळाकडं बघू. इंग्रजांच्या मुंबईत रखमाबाई नावाची सुतार समाजातली बाई होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलेलं. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. पुढं पैसे भरून तडजोड झाली आणि बाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. ती गोष्ट वेगळी. इथं ध्यानात ठेवायचे ते सहा महिने. १८८७ च्या मुंबईत सहा महिन्यांची धमकी बायकोला होती. १९१९ च्या कोल्हापुरात सहा महिने तिला छळणाऱ्याला होते. बत्तीस वर्षांत कायद्याचं तोंड उलटीकडं फिरलं, आणि ते फिरवलं एका संस्थानानं.

मारहाणीची कलमं १८६० च्या पिनल कोडात होतीच. नवऱ्यानं मारलं तर गुन्हा नाही, असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. पण लिहिलेलं नसतं तेच जास्त चालतं. नवरा-बायकोचं भांडण, घरातली बाब, जा बाई घरी. हे बोल कुठल्याही कोडात नाहीत, तरी प्रत्येक चौकीत पाठ आहेत. करवीरच्या कायद्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. घरातला छळ हा वेगळा गुन्हा आहे, त्याला वेगळं नाव आहे, वेगळी शिक्षा आहे, असं सरकारनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

हा कायदा एकटा वाचला तर राजाची दया वाटते. तो आजूबाजूच्या हुकमांबरोबर वाचला पाहिजे. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा. १९१८ ला महार वतन खालसा, आणि ज्या जातींना रोज हजेरी द्यावी लागे त्यांची हजेरी बंद. १९१९ च्या जानेवारीत हुकूम निघाला की अस्पृश्यांना शाळेत, दवाखान्यात, कचेरीत बरोबरीनं वागवा; ज्या नोकराला जमत नसेल त्यानं राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. त्याच जुलैत आंतरजातीय लग्नाचा कायदा, ऑगस्टात बायकांच्या छळाचा, १९२० च्या जानेवारीत जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्धचा. सगळं तीन-चार वर्षांतलं, एकाच दरबारातलं.

हे सगळे हुकूम एकाच गोष्टीवर घाव घालतात. महाराला फुकट राबवणारा गाव काय म्हणत होता? ही आमच्या गावची रीत आहे, बापजाद्यापासनं चालत आलीया, सरकारनं मधी पडू नये. बायकोला बडवणारा काय म्हणतो? माझी बायकू हाय, माझ्या घरातलं हाय, तू कोण मधी पडणार? दोन्ही बोली एकच आहेत. एकानं चावडीवरून बोलायचं, दुसऱ्यानं उंबऱ्याआडून. रीत म्हणायचं आणि हात चालवायचा. करवीर दरबारनं दोघांनाही एकच उत्तर दिलं: मी मधी पडणार.

आता आपल्याकडं येते. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात महारवाड्यातल्या सुनांचं जिणं आहे. पळून जाऊ पाहणाऱ्या पोरीच्या पायात लाकडाचा जड खोडा घालायचे. संशयावरनं नाक कापायचे. बेबीताईंनी हे बामणवाड्याबद्दल लिहिलं नाही, आपल्याच वाड्याबद्दल लिहिलं. आणि का ते पण सांगितलं. ज्याला गावानं गुलाम केलं, त्यालाही कुणावर तरी हुकूम चालवायचा होता. खोडा मुळात चावडीवरचा, राजाच्या गुन्हेगारासाठी. तो घरात कसा आला, कुणी आणला, याचा विचार जयंतीच्या मांडवात करायला काय हरकत आहे?

बाबासाहेबांनी हा विचार केला होता. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया आल्या. बायकोनं नवऱ्याची दासी होऊ नये, बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं, असं बाबासाहेब तिथं सांगून गेले. त्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याला कायद्यानं बंदी मागितली. पुढं हिंदू कोड बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. ते अडवणं हे राजीनाम्याच्या मोठ्या कारणांतलं एक. १९५५ च्या विवाह कायद्यानं दुसरी बायको बेकायदा झाली आणि घटस्फोट मिळाला. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना अजून सांगावं लागतं.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. मुंबईचे कायदे इकडं लागू झाले. घरातल्या छळाचा खास कायदा मुंबईकडं नव्हताच. महार वतनं कोल्हापुरात १९१८ ला गेली, ती मुंबई राज्यात जायला १९५८ चा कायदा यावा लागला. चाळीस वर्षं लागली. बायकांना त्याहून जास्त थांबावं लागलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं ते पोलीस सोडून दिले. त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या. तिकडं हुंड्यापायी सुना जळत होत्या. तेव्हा कुठं १९८३ साली पिनल कोडात ४९८-अ कलम आलं. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. १९१९ पासनं मोजा: चौसष्ट वर्षं. १ जुलै २०२४ पासनं तेच कलम न्याय संहितेत ८५ नंबरनं आहे.

आता कळंब्याचं सांगते. कोल्हापूरचा मध्यवर्ती तुरुंग आमच्याकडं. ‘कळंब्याला गेला’ म्हटलं की जिल्ह्यात कुणी तळं बघायला गेला असं समजत नाही. वस्तीतल्या बाया अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं येतात. हात सुजलेला असतो, तोंड काळंनिळं असतं, पण पहिलं वाक्य ठरलेलं: ‘त्येला कळंब्याला नगं घालू बाई. त्यो आत गेला तर पगार कोण आणील? मारायचा तेवढा थांबव.’ शिकलेले लोक याला भित्रेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. ती हिशोब करते. तिच्या हिशोबात भाडं आहे, पोरांची शाळा आहे, माहेरचं बंद दार आहे.

तिच्या हिशोबाला जुळणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्यात पहिलं पाऊल तुरुंगाचं नाही. मारू नको असा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, घराबाहेर काढू नको असा हुकूम, खर्चाला पैसे. घर कुणाच्याही नावावर असो, राहायचा हक्क तिचा. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायद्यातच आहे. हुकूम मोडला तरच तुरुंग, वर्षभरापर्यंत. पण तीन दिवसांची तारीख महिन्यांवर जाते, आणि चौकीत अजूनही ‘जा बाई घरी’ ऐकू येतं. कागद पोचला, माणूस पोचला नाही.

हा कायदा लागू व्हायच्या महिनाभर आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झाली. भोतमांगे घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावानं मारले. तेव्हा आपण रस्त्यावर आलो. अॅट्रॉसिटीचा कायदा लावा म्हणून ओरडलो, आणि बरोबर ओरडलो. खालच्या कोर्टानं तो लावला नाही म्हणून संतापलो. गावच्या बाबीत सरकारनं पडलंच पाहिजे, हे आपलं म्हणणं होतं आणि आहे.

मग तेच म्हणणं आपल्या उंबऱ्यापाशी का थांबतं? बाई चौकीची पायरी चढली की समाजाची अब्रू गेली म्हणणारे आपलेच कार्यकर्ते असतात. मिटवून घे म्हणून बसवणारी बैठक आपल्याच समाजमंदिरात भरते. वतन तोडणारा राजा आपला आणि बायकोवरचा हात धरणारा राजा परका, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही हुकूम त्यानं एकाच हातानं काढले.

म्हणून येत्या २६ जूनला माझं एवढंच मागणं आहे. मांडवात पन्नास टक्क्यांच्या फलकाशेजारी दुसरा फलक लावा. त्यावर १९१९ चा कायदा लिहा, शिक्षेसकट. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याच्या कचेरीचा पत्ता लिहा, ठळक अक्षरात. आणि फलक बाया बसतात त्या बाजूला लावा.